बिनधुराची खोप

लिनवाय बेट, ६ मे

ओरियानाताई,

तुझं पत्र लाँचवाल्याने दिलं, मी खिशात घातलं आणि तेव्हापासून उत्तर रोज उद्यावर ढकलतोय. एकदा वही उघडून बसलो होतो. तेवढ्यात धक्क्याजवळ कुणाचं तरी गलबत चिखलात रुतलं म्हणून बघायला गेलो. गावातल्या सगळ्या बाप्यांनी दुपारपर्यंत ढकललं, ते हललं नाही. मग भरती आली आणि ते आपलं आपण निघून गेलं. तिथून मी बटाटे काढायला गेलो आणि वही राहिली. हे तुला का सांगतोय कोण जाणे.

फोन करू नकोस म्हणालीस, ते बरोबरच आहे. इथे रेंज फक्त चर्चच्या पायरीवर येते. मी तिकडे निघालो की आई मागून येते. फोन माझ्या हातातून घेते, कानाला लावते आणि काहीच बोलत नाही. तुला नुसता तिचा श्वास ऐकू येतो आणि तू फोन ठेवून देतेस. ती तरी तशीच उभी राहते. म्हणून पत्र.

तुझी अट मी आईला वाचून दाखवली. सगळी नाही, कामाची तेवढी. कास्त्रो शहरातल्या डॉक्टरने सांगितलंय की तुझ्या रायेनची छाती आणखी एक हिवाळा धुरात काढणार नाही. दवाखान्याकडून हवा मोजायचा डबा येणार, तो महिनाभर घरात राहणार. हिरवा राहिला तर रायेन आजीपाशी. लाल झाला तर तू येऊन तिला तुझ्याकडे पुंता आरेनासला घेऊन जाणार. आईने सगळं ऐकून घेतलं. ती तेव्हा शिंपले सोलत होती. सोलून झाल्यावर म्हणाली, "मी पोरीला सुकवते म्हणे. चुलीवर टांगलेल्या शिंपल्यांसारखी."

हे तुझंच वाक्य आहे, गेल्या वर्षीचं. तू विसरली असशील. ती विसरलेली नाही. मधूनच कामाच्या नादात स्वतःशी म्हणते, "सुकवते म्हणे," आणि कणीक जोरात आपटते.

रायेन बरी आहे. खोकते. समोरचे दोन दात पडलेत. तू खेकड्यांच्या कारखान्यात लागलीस तेव्हा दुपट्यात होती, आता मला नावाने हाक मारते. आई तिला म्हणते, "एलिसेओमामा म्हण, तोंड झिजत नाही." दिवसभर ती आईला आजी म्हणते. झोपेत आई म्हणते. हे लिहावं की नाही कळत नव्हतं, लिहिलं.

डबा लावून महिना भरेपर्यंत मी इथे थांबतो. त्यापेक्षा जास्त थांबवणार नाही माझ्याच्याने, तुला माहीत आहे मी कसा आहे.

एलिसेओ

२१ मे

ताई,

डबा आला. दवाखान्याच्या बोटीतून मारिआनेला नावाची नर्स तो घेऊन आली. पांढरा आहे, साबणाच्या डबीएवढा. त्याला तीन दिवे, हिरवा, पिवळा, लाल. मला वाटलं होतं काहीतरी मोठं येईल. रायेननेही तोंड वाकडं केलं.

पाहुणी येणार म्हणून आईने पहाटेपासून चूल पेटवली होती. ती आपली लोखंडी चूल, पाठीमागून नळकांडं चिरलंय ती. तिच्यात दोन मोठे ओंडके घातले, कढईत चरबी घातली आणि तळण चालू केलं. माटे-चहाचं पाणी ठेवलं. खुंटीवरचे ओले कपडे चुलीवरच्या दांडीवर टाकले. नर्सने डबा भिंतीला लावला. एक स्क्रू बसला, दुसरा बसायच्या आत लाल दिवा लागला आणि डबा ओरडायला लागला. आई पळत गेली आणि कढईवर झाकण ठेवलं, जसं काही कढई ओरडतेय.

शेजारचे डॉन आबेलार्दो तळण खायला आलेच होते. म्हणाले, "पाहुण्याचा मान ठेवायला गेलं की हा बोंब मारणार. सरकारी आहे, दुसरं काय."

नर्स हसली. आजचा दिवस धरत नाही म्हणाली. आईला जवळ बसवून सांगितलं, "दोन्या एदुविना, नळकांडं चिरलंय, सगळा धूर आतच येतो. नवी चूल यादीत आहे, पुढच्या वर्षी येईल. तोवर घरात धूर नको. एवढं एकच सांभाळा. धूर नको." आई मान हलवत होती. शाळेत पुढच्या बाकावर बसल्यासारखी. नर्स गेल्यावर मला म्हणाली, "किती वेळा म्हणाली धूर? ऐकलंस ना?"

पुढे गंमत ऐक. मी दोन दिवस समुद्रात शिंपले वाढवायच्या दोरांवर कामाला होतो. परत आलो तर डबा हिरवागार. मला आनंद झाला. मग बघितलं तर आईने त्याला क्रोशाची झालर विणून घातली होती. तुझ्या लग्नात रेडिओवर घातली होती तशीच, फुलाफुलांची. मी ती काढली. म्हटलं, "आई, त्याला श्वास घ्यावा लागतो."

"घरात श्वास लागणारे आहेत तेवढे पुरे नव्हते," आई म्हणाली, "त्यात हा एक."

झालर काढल्याबरोबर पिवळा. संध्याकाळी चूल पेटली, लाल. रायेन त्याच्यासमोर स्टुलावर बसून सांगत होती, "आजी, तो रागावला. आजी, तो जास्त रागावला." आई चुलीकडे तोंड करून उभी होती. वळली नाही. मग चुलीचं दार उघडलं आणि जळतं लाकूड चिमट्याने उचलून बाहेर अंगणात, पावसात टाकून आली. सगळी लाकडं, एकेक करून. आम्ही उकडलेले बटाटे अर्धे कच्चे खाल्ले.

लाकडं ओली असली की धूर जास्त होतो, आणि या बेटावर कोरडं लाकूड कुणी पाहिलंय? तू पाहिलं होतंस का लहानपणी? मला आठवत नाही.

एलिसेओ

९ जून

ताई,

चांगली बातमी आहे. डबा हिरवा आहे. झालर नाही, मी रोज बघतो. सकाळी हिरवा, रात्री हिरवा.

आईने तोड काढली. आता ती घरात चूल पेटवतच नाही. मागच्या खोपीत रांधते, बाबा जिथे डुकराचं मांस धुरी द्यायचे तिथे. आपण लहान असताना तिथे मधोमध जमिनीवर विस्तव असायचा आणि डोळे चोळत बसायचो, ती. मी कामावरून येतो तेव्हा जेवण तिकडून गरम येतं, झाकून. स्वयंपाकघर थंड असतं खरं. मी स्वेटरवर स्वेटर घालून जेवतो. आई म्हणते, पुरुषाला थंडी चांगली.

आधी रायेन घरात राहायची आणि आई खोपीत. पण पोर एकटी थंडीत कशी राहील? म्हणून दिवसभर तीही खोपीत. आता निजतातही तिकडेच, मेंढीच्या कातड्यांवर. पहिल्या दिवशी धुराने पोरगी बेजार झाली. आई म्हणाली, मग काय उपयोग, तिकडचा धूर इकडे आणला. विचार करत बसली. मग शेगडी काढली, माळ्यावरची, पितळी कडेची. कोळसे बाहेर अंगणात छपराखाली पेटवते, वारा घालते, पांढरी राख धरेपर्यंत थांबते, आणि मग शेगडी दोन हातांनी उचलून आत नेते. वरून चमचाभर साखर टाकते, दर्प जायला. तुला आठवत असेल, आजी टाकायची. तिची आजीही टाकायची असणार. मला आत बोलावलं आणि म्हणाली, "शोध धूर." मी शोधला. नव्हता. खोपीत जत्रेत साखरेचा गुलाबी कापूस विकतात तसा वास होता. जत्रेवरून आठवलं, गेल्या वर्षी मी सर्कसवाल्यांबरोबर आन्कुदपर्यंत गेलो होतो, त्यांच्याकडे एक आंधळा घोडा होता, तो सगळं बरोबर करायचा. जाऊ दे.

खोपीत वारा फार येत होता. फळ्यांच्या फटीतून पोरीच्या अंगावर. आईने सांगितलं म्हणून मी रविवारी दिवसभर बसून फटींत मेंढीची लोकर कोंबली, वर डांबर फासलं. छपरातलं धुराड्याचं भोक होतं तेही पोत्याने आणि प्लॅस्टिकने बांधलं, कारण धूरच नाही तर भोक कशाला, पाऊस तेवढा येतो. आता आत बसलं की बाहेरचा वारा ऐकू येतो पण लागत नाही. मी केलेलं एखादं काम इतकं नीट झालेलं मला आठवत नाही.

आणि रायेनचा खोकला थांबला. खरंच सांगतो. आई ते मोठ्याने बोलत नाही, दृष्ट लागेल म्हणून. पण परवा डॉन आबेलार्दोंना म्हणाली, "ऐका." ते म्हणाले, "काय ऐकू?" म्हणाली, "काहीच नाही. तेच ऐका."

पोरगी जरा सुस्त झालीये, झोपते फार. डोकं दुखतं म्हणते. आईचंही दुखतं. हिवाळ्याचं दुखतं, असं आईचं म्हणणं. दोघी कपाळाला कच्च्या बटाट्याचे काप लावून, वरून फडकं बांधून बसतात. डॉन आबेलार्दो दारातून डोकावले आणि म्हणाले, "दोन्या एदुविना, हे तळणार कधी?" रायेन हसली. हसून परत झोपली.

एवढंच. तुझ्या पत्रात तू माझ्याबद्दल काही विचारत नाहीस, पण मी बरा आहे.

एलिसेओ

२५ जून

ताई,

हे पत्र आई सांगतेय, मी लिहितोय. काल सान हुआनचा सण झाला. तिने शेगडीवरच बटाट्याचे जाड मिल्काव भाजले, चुलीशिवाय. कडा जळल्या पण सगळ्यांनी खाल्ले.

ती म्हणतेय: लिही, डबा हिरवा आहे. लिही, पोर खोकत नाही. लिही, शिंपले बाहेर पडवीत टांगलेत, घरात एक नाही.

मी विचारलं, आणखी काही? म्हणाली, "आणखी काही नको."

मग मी पाकीट चिकटवायला घेतलं तर म्हणाली, "लिही, तिला नवा फ्रॉक शिवलाय. निळा. धुतला की रंग जात नाही." नंतर म्हणाली, ते खोडून टाक. मी खोडलेलं नाही.

आता हे माझं. नर्स पुढच्या आठवड्यात येऊन डबा नेईल. तो आत सगळं लिहून ठेवतो म्हणे, कुठल्या दिवशी कुठला दिवा. काळजीचं काही नाही. मी नंतर केयोनला जाईन. तिथे सालमन माशांच्या पिंजऱ्यांवर जाळी शिवायला माणसं हवीत. आईला अजून सांगितलं नाही. तिला कळलंय असं वाटतं, कारण तिने माझे मोजे रफू केले.

एलिसेओ

आचाव, ३ जुलै

ओरियानाताई,

कास्त्रोच्या इस्पितळातून तुला फोन आला असेलच. तू वाटेत असशील आणि हे पत्र तुला मिळणारही नाही. तरी लिहितो, कारण इथे दवाखान्याच्या बाकावर बसून करायला दुसरं काही नाही, आणि माझे बूट ओले आहेत.

सोमवारी पाऊस होता. आमच्या होडीचं इंजिन बंद पडलं म्हणून आम्ही जेवणाच्या आधीच परतलो. घरात गेलो. स्वयंपाकघर थंड. डबा हिरवा. मी हाक मारली. जेवण आलं नाही. मी भाकरीचा तुकडा शोधून खाल्ला, उभ्या उभ्या. मग खोपीकडे गेलो.

दार आतून लागलं नव्हतं, पण खाली पोतं सारलेलं होतं, वारा येऊ नये म्हणून, त्यामुळे उघडेना. मी खांद्याने ढकललं. आतून तो साखरेचा वास आला. रायेन कातड्यावर झोपली होती. गाल लाल, छान दिसत होती. तुझ्यासारखी दिसते ती झोपेत. आई शेगडीजवळ बसली होती, हातात चमचा. माझ्याकडे बघितलं आणि मी कोण ते तिला कळलं नाही. म्हणाली, "दार लाव. थंडी येते."

मी रायेनला पायाला धरून ओढलं. उचलून घ्यायला पाहिजे होतं, पण पाय जवळ होते. बाहेर चिखलात नेऊन ठेवली, पावसात. तिला हाक मारली, तिने उत्तर दिलं नाही. मग आत गेलो. आईने खांब धरला होता आणि सोडेना. मी बोटं सोडवली, एकेक. ती म्हणत होती, "अरे, धूर नाहीये. बघ. धूर नाहीये." दारात येऊन तिने ओकलं. तेवढ्यात डॉन आबेलार्दो आले, अनवाणी.  त्यांनी रायेनला पालथी केली, तिच्या पाठीवर थाप मारत राहिले आणि ती ओरडली. ओरडली ते बरं झालं.

बोटीत काय झालं ते नीट आठवत नाही. समुद्र उसळलेला होता. डॉन आबेलार्दो सगळा वेळ आईला शिव्या देत होते, तिला झोप लागू नये म्हणून. म्हणत होते, "डोळे उघड, हट्टी बाई. बटाट्यासारखी बाई. डोळे उघड." आई मधूनच म्हणायची, "तुमचं तोंड घाण आहे." तर ते म्हणायचे, "आहेच. आणखी ऐक."

इथे दोघींना ऑक्सिजन लावला. तीच नर्स होती. रायेनला लगेच पुढे कास्त्रोला नेलं, मोठ्या इस्पितळात. ती वाचेल असं म्हणाले. डोक्याचं काय ते काही दिवसांनी कळेल असंही म्हणाले. मला दुसरं वाक्य ऐकूच आलं नव्हतं, नर्सने परत सांगितलं.

नर्सने मला बसवून समजावलं. कोळशाला धूर नसतो, पण तो हवा खातो. आणि जे सोडतो त्याला वास नसतो, रंग नसतो. साखरेने फक्त कोळशाचा दर्प झाकला जातो, बाकी सगळं तिथेच राहतं. म्हणाली, "धूर निदान खोकायला तरी लावतो." मग म्हणाली, "मी त्यांना धूर नको म्हणाले. कोळशाचं नाही बोलले." आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी म्हणावं. मी म्हटलं, तुमच्या पाहुणचाराच्या दिवशी तळण चांगलं झालं होतं. का म्हणालो माहीत नाही.

डबा ती बेटावर जाऊन घेऊन आली होती. तारीखवार सगळं निघालं. पहिले दोन-तीन दिवस सोडले तर पुढे महिनाभर हिरवा. एक दिवसही पिवळा नाही. स्वयंपाकघरातली हवा इतकी चांगली या बेटावर कुठल्याच घरात निघाली नव्हती म्हणे. तिथे महिनाभर माझ्याशिवाय कुणी नव्हतंच.

ताई, आई फसवत नव्हती. तुला तसं वाटेल. तुला वाटणारच, मलाही बोटीत क्षणभर वाटलं. पण तू धूर म्हणालीस, डॉक्टर धूर म्हणाला, नर्स धूर म्हणाली, आणि तिने धूर काढून टाकला. सगळा काढला. पोर तिच्याकडून जाऊ नये म्हणून ती काहीही करायला तयार होती, आणि तिने तेच केलं जे सगळ्यांनी सांगितलं. लोकर मी कोंबली होती. तेही लिहून ठेवतो.

आई आत झोपली आहे. जागी झाली तेव्हा विचारलं, "डबा काय म्हणतो?"

मी सांगितलं, हिरवा.

तिने डोळे मिटले.

एलिसेओ

केयोन, १९ ऑगस्ट

ताई,

तू पाठवलेली चिठ्ठी मिळाली. एकच ओळ होती, "पोर बरी आहे, शाळेत घातली." ती मी चार वेळा वाचली. त्यात काही जास्त सापडलं नाही, पण कमीही नव्हतं.

कास्त्रोच्या इस्पितळात आपण भेटलो तेव्हा मी काहीतरी बोलेन असं ठरवलं होतं. तू लांब कोट घालून आलीस, मी तुला आधी ओळखलं नाही. तू मला म्हणालीस, "तिचे बूट कुठे आहेत?" मी म्हटलं, बेटावर राहिले. तू तिला मोज्यांवर उचलून टॅक्सीत बसवलंस आणि गेलीस. मला वाईट वाटायला हवं होतं. मी समोरच्या दुकानातून पाव घेतला आणि खात खात आचावला परत गेलो, आईकडे. तिला सांगितलं, ओरियाना येऊन घेऊन गेली. ती म्हणाली, "कोट होता का तिच्या अंगावर?" म्हटलं, होता. "पोरीच्या?" म्हटलं, तिला आपल्या कोटात गुंडाळलं होतं. 

मी आईला घरी पोचवलं आणि आठवडाभर थांबलो. तिने रायेनचे कपडे धुतले. वाळवले, हुंगले, परत धुतले. त्या निळ्या फ्रॉकचा रंग गेला नाही हे खरं. घडी करून ठेवले आणि मग ती स्वयंपाकघरात बसून राहिली. चूल पेटवेना. मी पेटवली तर उठून बाहेर जाऊन उभी राहायची, पावसात. विझली की आत यायची. डॉन आबेलार्दो दोन्ही वेळचं रश्श्याचं भांडं आणून देत. दारात ठेवून म्हणत, "यात विष नाही, घाबरू नको, माझ्या बायकोने केलंय, म्हणजे थोडं असेल." ती हसायची नाही. पण भांडं रिकामं परत जायचं.

खोप मी पाडली. कुणी सांगितलं नव्हतं. फळ्या अंगणात पडल्यात, लोकर कोंबड्या उपसतात.

निघताना मी म्हटलं, चल माझ्याबरोबर केयोनला. ती म्हणाली, "मी बेट सोडून कुठे जाते रे?" ते खरंच आहे. कास्त्रोच्या पलीकडे ती कधी गेलेली नाही. बाबा आर्जेन्टिनात गेले तेव्हा धक्क्यापर्यंतही गेली नव्हती. मी निघून आलो. मागे वळून बघितलं नाही असं लिहिणार होतो, पण बघितलं होतं. ती दारात नव्हती.

इथे कामाचं बरं आहे. जाळी शिवतो. बोटं सुजतात आणि मग बधिर होतात, त्यानंतर सोपं जातं. सेन्योरा एर्सिलिया नावाच्या बाईकडे खोली घेतलीये, ती खालच्या दालनात रॉकेलचा एकच हीटर लावते आणि सगळ्या भाडेकरूंनी त्याच्याभोवती बसावं म्हणून दारं घट्ट लावून घेते. माझ्याबरोबर एक आर्जेन्टिनी आहे, तो रात्रंदिवस बोलतो, त्याला उंटावर बसायचं आहे एकदा. उंट इथे कुठे? पण त्याने ठरवलंय. मी त्याच्याबरोबर जाईन कदाचित. नाहीही जाणार.

ताई, मी हे पत्र मागणी करायला लिहितोय. रायेनला परत पाठव असं मी म्हणत नाही. आईही म्हणत नाही.  तुझ्या घरात गॅस आहे, कोरडं आहे, डॉक्टर जवळ आहेत, पोर तिथेच बरी. एवढंच कर की रविवारी, प्रार्थना सुटल्यावर, चर्चच्या पायरीवर फोन कर. माझा जुना फोन मी तिच्याजवळ ठेवून आलोय. ती घेईल आणि काही बोलणार नाही, ते तुला माहीत आहे. तू ठेवू नकोस. फोन रायेनला दे. रायेन बोलेल, ती कुणाशीही बोलते. दात आले का, शाळेत कोण मारतं, एवढं सांगितलं तरी बास. आई ऐकेल.

तू हे करशील की नाही मला माहीत नाही.   लिहून टाकलं.

आता सेन्योरा एर्सिलिया जिना चढून वर आली आणि दारातूनच बोलायला लागली. ती काय म्हणाली ते तसंच लिहितो. "एलिसेओ, खाली एक बाई आलीये, तुझं नाव सांगते. डोक्यावर भिजलेला रुमाल, हातात एक कापडी पिशवी. नमस्कार नाही, चमत्कार नाही, आल्या आल्या माझ्या दालनाच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. सगळ्या. ऑगस्टच्या थंडीत. मी म्हटलं, बाई, ही ऊब मी विकत घेते. तर म्हणते, लोक बसलेत इथे. ती बसलेल्यांची नाकं मोजतेय, तुला सांगते. खाली ये आणि तुझ्या बाईला आवर. आणि तिला सांग, पुंता आरेनासची बस इथून सुटत नाही, ती मला सारखी विचारतेय."

मी जिन्यातून वाकून बघितलं. खालून गार वारा वर येतोय.

ताई, आई आली आहे.